घरातला संगणक आणि पेटीतले कागद

डहाणू-तलासरीच्या बाजूला घरातले महत्त्वाचे कागद ठेवण्याची एक जुनी रीत आहे. ज्याच्या घरी पत्र्याची पेटी असेल त्याचे कागद पेटीत, कपड्यांच्या तळाशी. आणि ज्याच्या घरी पेटी नसेल त्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, आढ्याला टांगलेले. पाऊस, उंदीर आणि वाळवी या तिघांपासून कागद राखायचा तर याहून सोपा उपाय तो कोणता? त्या पिशवीत असते तरी काय, तर वनहक्काचा दाखला, सातबाऱ्याचा उतारा, रेशनकार्ड, आजोबांच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल, मुलीची गुणपत्रिका. दिसायला पाचपंचवीस मळके कागद. पण त्यांचे मोल फार. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असल्याचा पुरावा मागितला. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी तर ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरतात, आणि त्या तारखेला आपले घराणे कुठे वस्तीला होते हे दाखवताना आजोबा-पणजोबांच्या नावची एखादी जीर्ण नोंदच उपयोगी पडते. असा कागद एकदा गेला की तो नव्याने उभा करताना कचेऱ्यांच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात हे ज्याने झिजवल्या त्यालाच ठाऊक.

आता ही पिशवी बदलू लागली आहे. मुले कागदाचे छायाचित्र काढून मोबाइलमध्ये ठेवतात, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरतात, चिकूच्या बागायतदाराचा हिशेब वहीतून संगणकात गेला आहे आणि वारली चित्रे काढणारा कलावंत आपल्या विकलेल्या चित्रांची आठवण छायाचित्रांतच जपतो. प्रश्न असा की ही नवी पिशवी जुन्या पिशवीइतकी तरी भरवशाची आहे काय? मी ‘घरचा संगणक’ म्हणतो तेव्हा त्यात मोबाइलही धरतो, कारण उधवा-झरीकडच्या पुष्कळ घरांत तोच एकमेव संगणक आहे.

पहिली गोष्ट ध्यानात धरायची ती ही की यंत्र विकत मिळते, यंत्रातला मजकूर विकत मिळत नाही. संगणक जळला तर उसनवारी करून दुसरा आणता येतो. परंतु पाच वर्षांची छायाचित्रे आणि हिशेब कोणत्या दुकानात मिळणार? म्हणून मी आधी साठवणीविषयी बोलतो, मग इतर गोष्टी.

साठवणीची विद्या काही फार जुनी नाही. १९५६ साली आयबीएम कंपनीने चकत्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र बाजारात आणले. दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या, कपाटाएवढा आकार, आणि एवढे करून त्यात मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरे. हल्ली मोबाइलवर काढलेल्या एका चांगल्या छायाचित्राला तेवढी जागा सहज लागते! आकार असा आक्रसला, पण हार्ड डिस्कचे मूळ तत्त्व तेच राहिले. आत चकती गरगर फिरते आणि तिच्यावरून वाचणारी सुई जवळजवळ तरंगत जाते. दोहोंतले अंतर इतके सूक्ष्म की धुळीचा कणसुद्धा त्यात डोंगरासारखा ठरावा. चालू असताना डिस्कला धक्का बसला तर सुई चकतीवर घासते आणि लिहिलेले खरवडून निघते.

धक्क्याचे आपल्याकडे निराळे सांगायला नकोच. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात आणि तलासरी तालुक्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. थंडीच्या दिवसांत माणसे घर सोडून तंबूत झोपली. त्या दिवसांत घरातून बाहेर धावणाऱ्याने हातात काय घेतले असेल? मूल घेतले असेल, म्हातारीला धरले असेल. पेटी कोणी घेतली नसेल, आणि संगणक तर नाहीच नाही. तेच योग्य होते. म्हणूनच आपल्या मजकुराची एक नक्कल घराबाहेर, दुसऱ्या गावी असली पाहिजे, म्हणजे धावताना मागे वळून पाहण्याचे कारण उरत नाही.

जाणकारांनी यासाठी एक हिशेब बसवून दिला आहे : तीन, दोन, एक. मजकुराच्या प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असावी. आपल्या घरापुरते त्याचे रूप असे : एक प्रत संगणकात किंवा मोबाइलमध्ये; दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर; तिसरी इंटरनेटवरच्या साठ्यात, अथवा इंटरनेटचा भरवसा नसेल तर वाणगावच्या मामाच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. दिवाळीला मामाकडे जातोच आपण. जुनी डिस्क आणावी, नवी ठेवावी, झालं.

यात एक मेख आहे, आणि ती समजावी म्हणून जरा लांबची हकीकत सांगतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम युक्रेनमधून जगभर पसरला. मेर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचे कामकाज त्याने काही तासांत आडवे केले. तिची एक गोदी आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातही आहे. तिथलेही काम ठप्प झाले. कंपनीचे सारे जाळे कोण कुठला, कोणाला काय उघडता येईल, हे ठरवणारे सुमारे दीडशे संगणक होते. ते एकमेकांची नक्कल सतत करीत असत, त्यामुळे एक बिघडला तरी बाकीचे सांभाळतील असा हिशेब होता. पण सगळेच एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळेच एकदम गेले. शोधता शोधता एक तेवढा वाचलेला सापडला, आफ्रिकेत, घाना देशात. तो का वाचला? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! मग त्या यंत्रातला मजकूर इंग्लंडला न्यायचा तर घानाचे इंटरनेट मंद, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एकाने ती डिस्क नायजेरियापर्यंत नेली, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती विमानाने लंडनला पोचवली. एवढ्या बलाढ्य कंपनीचा जीव एका खेड्यातल्या लोडशेडिंगसारख्या प्रसंगाने वाचला.

आपल्या कामाचा मुद्दा यात आहे तो असा की जोडलेली नक्कल ही खरी नक्कल नव्हे. पुष्कळ लोक डिस्क विकत आणतात आणि ती संगणकाला कायमची लावून ठेवतात. संगणकात उपद्रव शिरला की तो डिस्कमध्येही शिरतो. वीज कडाडली की दोन्ही एकदम जातात. प्रत काढावी, डिस्क सोडवून घ्यावी आणि कपाटात ठेवावी. इंटरनेटवरच्या साठ्याचेही तेच. मोबाइलमधले छायाचित्र जागा नाही म्हणून पुसले की गूगलच्या साठ्यातलेही पुसले जाते, हे कित्येकांना ठाऊकच नसते. काही दिवस ते कचरापेटीत असते, तेवढ्यात लक्षात आले तर ठीक. शिवाय हा फुकटचा साठा पंधरा जीबीचा. त्यात पत्रे, कागद, छायाचित्रे सगळे आले, आणि १ जून २०२१ पासून छायाचित्रेही त्यातच मोजली जातात. दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर कंपनी ते बंद करू शकते. मुलगा नोकरीला सुरतेला गेला आणि जुने खाते विसरला, असे झाले की मजकूर गेला.

पेनड्राइव्हवर मात्र कायमची भिस्त ठेवू नये. ती वस्तू नेण्या-आणण्यापुरती. तिच्यात अक्षरे विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने कोंडलेली असतात आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार झिरपतो. आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हवर जेवढी जागा छापलेली असते तेवढी आत असतेच असे नाही. जागा संपली तरी ती ‘घेतले’ म्हणते, आणि उघडायला जावे तो आत काही नाही.

आता हवा. किनाऱ्यावरची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाच्या बिजागऱ्या खातो, मग संगणकाची तांब्याची बारीक तार काय टिकणार? यावर उपाय म्हणून लोक संगणक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. त्यात दमट हवा आतच कोंडते. त्यापेक्षा पावसाळ्यात आठवड्यातून दोनतीनदा तासभर तो चालू ठेवावा. त्याच्या स्वतःच्या उबेने ओल उडून जाते. सुट्या डिस्कसाठी घट्ट झाकणाचा डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या. काही पुड्यांतले मणी निळे असतात, ओल शोषली की गुलाबी होतात. तापवून कोरडे केले की पुन्हा निळे. मृगाच्या आणि परतीच्या पावसात, ढग गडगडू लागले की, बटण बंद करून भागत नाही, खटक्यातून वायरच काढावी, आणि इंटरनेटची तार असेल तर तीही. डहाणूच्या औष्णिक केंद्रात पाचशे मेगावॅट वीज तयार होते आणि ती मुंबईच्या उपनगरांकडे जाते; आपल्या पाड्यावरचा दिवा मात्र वारा सुटला की मिचमिचतो. म्हणून घरी बसून काम करणाऱ्याने लहानसा यूपीएस अवश्य घ्यावा. तो तास-दोन तास चालत नाही; लिहिलेले जतन करून संगणक रीतसर बंद करण्यापुरती दहा मिनिटे मिळाली म्हणजे त्याचे पैसे फिटले.

साठवले खरे, पण पुढे वाचता आले पाहिजे. मराठीच्या बाबतीत या प्रश्नाला एक खास पदर आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ वर्षे आपण मराठी लिहिली ती श्रीलिपी, कृतिदेव असल्या टंकांत. या टंकांची गंमत अशी की संगणकाच्या दृष्टीने ते अक्षर रोमनच असे, फक्त दिसायला देवनागरी. कृतिदेवमध्ये रोमन ‘डी’ची कळ दाबली की पडद्यावर ‘क’ उमटतो. पण आत साठतो तो ‘डी’च. तो टंक ज्या संगणकावर नाही तिथे ग्रामसभेचा ठराव उघडला की रोमन अक्षरांची रास! ठराव जिवंत आहे, पण मुका झाला आहे. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो जपानमधल्या संगणकातही ‘क’च राहतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा मिळालेली आहे. आज विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे युनिकोड मराठी आपोआप येते, काही विकत घ्यावे लागत नाही. ज्यांचा हात इन्स्क्रिप्ट कळफलकावर बसला त्यांचे उत्तमच. ज्यांना रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवायची त्यांनाही सोय आहे. मोबाइलवर तर नुसते बोलले तरी लिहिले जाते. (बोलून लिहिलेले एकदा वाचून पाहावे, नाहीतर ‘चिकूची बाग’ याचे काय होईल सांगता येत नाही.) शाळा, ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी, ज्यांच्याकडे जुन्या टंकांतला मजकूर पडून असेल, त्यांनी तो टंक चालणारा संगणक आहे तोवर युनिकोडमध्ये फिरवून घ्यावा. फिरवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. जोडाक्षरे आणि ‘किनाऱ्या’तला तो अर्धा ‘ऱ’ मात्र डोळ्यांखालून घालावा लागतो. तलासरीच्या गुजराती शाळांपुढेही नेमका हाच प्रश्न आहे, लिपी तेवढी निराळी.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. थोडक्यात सांगतो. विंडोज १० या प्रणालीच्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या. संगणक चालतो, पण भिंतीला पडलेली भोके बुजवायला गवंडी येत नाही. भोके न बुजवल्याने काय होते ते २०१७ च्या मे महिन्यात दिसले : वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, आणि ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती लावून घेतली नव्हती ते सापडले. तेव्हा ‘अपडेट’ची सूचना आली की ती माशीसारखी उडवून लावू नये. तुमचा संगणक नवा असेल तर विंडोज ११ घालावे. जुना असेल तर ते बहुधा त्यावर बसणार नाही. अशा वेळी संगणक भंगारात देण्याआधी लिनक्स मिंट किंवा उबंटू घालून पाहा. लिनक्सचा गाभा लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये रचला. तो फुकट आहे, चोरीचा नाही, आणि पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतो, म्हणजे आहे ते न पुसता चव घेता येते. पत्रे, हिशेब, तक्ते यांसाठी लिबरऑफिस पुरे. तेही फुकट, आणि त्याच्या सूचना मराठीत दिसू शकतात. ज्यांना डिजिटल सहीचे उपकरण वापरावे लागते किंवा ठरावीक सरकारी प्रोग्रॅम चालवावे लागतात त्यांनी मात्र लिनक्सच्या नादी लागण्याआधी चौकशी करावी, कारण तिथे अजून अडते. घरचा प्रिंटर चालतो ना, तेही आधीच पाहावे.

‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर दुकानदार भरून देतो, दोनशे रुपयांत. ते घेऊ नये. कायद्याचे राहू द्या. कुलूप फोडून दिलेल्या पेटीत फोडणाऱ्याने काय ठेवले असेल याची खात्री कोण देणार? विषाणूरोधक प्रोग्रॅम म्हणाल तर विंडोजमध्ये आहे तो घरच्या कामाला पुरतो. एकावर एक तीन घातले की संगणक तेवढा मंद होतो.

सुरक्षिततेबद्दल बोलताना लोक विषाणूंची भीती घालतात. माझ्या पाहण्यात आमच्या मुलांचे नुकसान विषाणूंनी फारसे होत नाही, ते होते छपाईच्या दुकानात. तलासरीची मुलगी अर्ज भरायला दुकानात जाते. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडते, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला उतरवून छापते, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून घाईने निघते. मागे काय राहते? व्हॉट्सअ‍ॅप उघडे, ‘डाउनलोड्स’ नावाच्या कप्प्यात तिचे सगळे कागद, आणि संकेतस्थळाचा पासवर्ड संगणकाने लक्षात ठेवलेला. पाठोपाठ खुर्चीत बसणारा कोण असेल, सांगता येत नाही. निघण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून हे तिन्ही पुसावेत, आणि पासवर्ड लक्षात ठेवू का असे संगणकाने विचारले तर नाही म्हणावे. आधारची प्रत देताना फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारी प्रत मिळते, जिथे चालेल तिथे तीच द्यावी. डिजिलॉकरची सोय तर १ जुलै २०१५ पासून आहे. त्यातला मूळ खात्याने दिलेला दाखला कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा मानलेला आहे. आपण स्वतः छायाचित्र काढून त्यात टाकलेल्या प्रतीला मात्र ती किंमत नाही, हा फरक ध्यानात ठेवावा.

दुसरा धोका फोनवरून येतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही घालावा लागत नाही, तो घालावा लागतो फक्त देताना. एवढे एक वाक्य घरातल्या म्हातारीपासून पोरापर्यंत सर्वांना पाठ असावे. लग्नाची पत्रिका, गाडीचा दंड, किसान योजनेची यादी अशी नावे घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके या प्रकारची फाइल येते. ती पत्रिका नसते, तो प्रोग्रॅम असतो, आणि उघडला की बँकेचे संदेश परस्पर वाचू लागतो. पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नये, कारण त्याचाच मोबाइल आधी फसलेला असू शकतो. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्याआधी अडवले जाण्याची शक्यता पहिल्या तासांतच अधिक. मोबाइल हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’वरून तो बंद करून घेता येतो.

पासवर्डाविषयी एवढेच : अवघडापेक्षा लांब बरा. चार असंबद्ध शब्द सलग लिहावेत, जे आपल्याला आठवतील आणि दुसऱ्याला सुचणार नाहीत. ईमेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नये, कारण बाकी सगळ्या कुलपांच्या किल्ल्या तिथूनच बदलून मिळतात. लक्षात राहत नसतील तर वहीत लिहून ती वही पेटीत ठेवली तरी माझी हरकत नाही. बोर्डीच्या किनाऱ्यावरून कोणी चोर आपल्या पेटीतली वही उघडायला येणार नाही. दूरदेशी बसून अंदाजाने कुलपे उघडणाऱ्याला ती वही दिसतच नाही.

आणि त्या आढ्याला टांगलेल्या पिशवीचे काय करायचे? ती तशीच राहू द्यावी. उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना, एकदा खाली उतरवावी, प्रत्येक कागदाचे दिवसाच्या उजेडात सपाट ठेवून स्वच्छ छायाचित्र घ्यावे, दोन्ही बाजूंचे, आणि फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग कागदाचे नाव, मग माणसाचे नाव असे द्यावे, म्हणजे दहा वर्षांनी शोधताना सापडेल. पिशवी पुन्हा बांधताना आत नवी सिलिका जेलची पुडी टाकावी. हे काम मृग लागण्यापूर्वी उरकावे.